विषाणुवैज्ञानिक

विषाणुवैज्ञानिक : विषाणूंची (व्हायरसांची) रचना, गुणन, वर्गीकरण व प्रसार, तसेच त्यांच्यामुळे माणूस, पशुपक्षी आणि वनस्पती यांना होणारे रोग यांचा अभ्यास हा ज्याचा व्यवसाय आहे, त्या तज्ञास विषाणुवैज्ञानिक म्हणतात. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाशी त्याचे जवळचे नाते असले, तरी दोघांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. बहुतेक सूक्ष्मजंतू मांसरस, आगर यांसारख्या निर्जीव पोषक माध्यमात वाढविता येतात. विषाणू तसा वाढत नाही. जिवंत कोशिकेत शिरल्यावाचून त्याचे गुणन होत नाही आणि बहुतेक विषाणू साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत. त्यामुळे विषाणुवैज्ञानिकाला आपल्या अभ्यासविषयाबरोबरच एखादी जिवंत वस्तूही सतत सांभाळावी लागते. ही वस्तू म्हणजे प्रयोगशाळेतील प्राणी, कोंबडीचे फलित अंडे किंवा काचपात्रात वाढविलेल्या कोशिका. या व्यवसायातील बरेचसे कष्ट, खर्च आणि धोके या एका गोष्टीतून उद्भवतात.

या व्यवसायाचे वय सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक आहे. डमीट्री इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये तंबाखूच्या केवडा रोगाने ग्रासलेल्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. सूक्ष्मजंतू अडवून धरणाऱ्या या गाळणीतून आलेला रसही रोगकारक असल्याचे त्यांना आढळले. मार्टिनस बायेरिंक यांनी १८९८ मध्ये या रोगकारकाचे वेगळेपण ओळखून त्यास ‘व्हायरस’ ही संज्ञा लावली. त्याच वर्षी लफ्लर व फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ-खुरकुतीचा रोगकारकही गाळणीतून पार होतो, असे दाखविले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा शोध (१९३१), कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर विषाणू वाढविण्याची गुडपाश्चर यांची पद्धत (१९३१), वेंडेल स्टॅन्ली यांनी स्फटिकरूपात मिळविलेला तंबाखूचा विषाणू (१९३५) आणि एंडर्स, वेलर व रॉबिन्झ यांनी चेतापेशींखेरीज अन्य ऊतकांत वाढविलेला पोलिओचा विषाणू (१९४९) हे पुढील महत्त्वाचे टप्पे होत. यांपैकी शेवटच्या शोधामुळे ऊतक संवर्धनाची पद्धत रूढ झाली आणि पोलिओची लस तयार करणे शक्य झाले.

कार्यकारणाचा प्रश्न : विषाणुवैज्ञानिकाने सोडवावयाचा सर्वांत अवघड प्रश्न सांगावयास सोपा आहे : रुग्णाच्या शरीरात सापडलेला विषाणूच त्याच्या आजाराचे कारण आहे काय? निरोगी माणसाच्या शरीरातही अनेक विषाणू असतात. रुग्णाच्या घशात किंवा विष्ठेत एखादा विषाणू सापडला, एवढ्याने तो दोषी ठरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मजंतूंसाठी घालून दिलेल्या कसोट्या विषाणूंना जशाच्या तशा लावता येत नाहीत. म्हणून टॉमस रिव्हर्झ यांनी १९३७ मध्ये त्यांत विषाणूंना अनुरूप असे बदल सुचविले. प्रत्यक्ष व्यवहारात रुग्णाच्या रक्तरसाचे दोन नमुने घेतात. एक आजाराच्या आरंभी व दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या नमुन्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण पहिल्याच्या निदान चौपट झाले असेल, तर संसर्ग ताजा आहे असे मानतात. येथेही फसगत होऊ शकते. डेंग्यू, जपानी मस्तिष्कशोथ आणि पश्चिम नाईल ज्वर यांचे विषाणू एकाच कुलातील असल्यामुळे एकाविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही काही अंशी प्रतिसाद देतात. अशा वेळी निष्प्रभावन चाचणी करावी लागते. तीत रुग्णाचा रक्तरस जिवंत विषाणूत मिसळून विषाणूची संसर्गक्षमता नष्ट होते किंवा नाही हे पाहतात. या चाचणीला दिवस लागतात, जिवंत विषाणू हाताळावा लागतो आणि निष्कर्षाची घाई करून चालत नाही.

घाई केल्याचे सुपरिचित उदाहरण पीतज्वराच्या इतिहासात आढळते. हिडेयो नोगुची हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ख्यातनाम जपानी शास्त्रज्ञ होते. पीतज्वर एका सर्पिल सूक्ष्मजंतूमुळे होतो, असे प्रतिपादन त्यांनी केले आणि ते बराच काळ मान्यही झाले. पुढे एड्रियन स्टोक्स व त्यांचे सहकारी यांनी १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत भारतीय ऱ्हीसस माकडांना या रोगाची लागण करून दाखविली आणि रोगकारक गाळणीतून पार होणारा विषाणू असल्याचे सिद्ध केले. ते काम करीत असतानाच स्टोक्स पीतज्वराने मरण पावले. आपल्या मताची पुन्हा पारख करण्यासाठी नोगुची आफ्रिकेत गेले. १९२८ मध्ये अक्रा येथे त्याच रोगाने त्यांचाही अंत झाला. ज्या विषाणूचे अस्तित्व ते नाकारीत होते, त्यानेच त्यांचा बळी घेतला. त्या काळात वेगळा केलेल्या विषाणूपासून माक्स टायलर यांनी १९३७ मध्ये पीतज्वराची लस तयार केली. ही लस अद्यापि वापरात आहे.

क्यासनूर वनातील रोग : विषाणुवैज्ञानिक नेमके काय करतो, हे समजण्यास भारतातील एका अन्वेषणाचा वृत्तांत थोडा विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. डास, गोचीड इ. संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे, हे केंद्राचे मूळ प्रयोजन होते. मार्च १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून वानरे व माकडे मोठ्या संख्येने मरून पडत असल्याची वार्ता केंद्राकडे आली. सोरब तालुक्यातील क्यासनूर वनाच्या आसपासच्या खेड्यांत त्याच सुमारास तीव्र ज्वर, अंगदुखी व रक्तस्राव असलेले रुग्ण आढळत होते. माकडे मरू लागली की माणसेही आजारी पडतात, हे ग्रामस्थांच्या आधीच ध्यानात आले होते.

तज्ञांच्या मनात प्रथम आलेली शंका भयंकर होती. भारतात पीतज्वर कधीच आढळलेला नाही. परंतु त्याचा वाहक असलेला एडीस ईजिप्ती हा डास येथे विपुल आहे आणि भारतीय माकडे त्या रोगाला बळी पडतात, हे स्टोक्स यांच्या प्रयोगांवरून ठाऊक होते. रानात मरणारी माकडे आणि गावात ज्वर, हे चित्र दक्षिण अमेरिकेतील अरण्य-पीतज्वराशी मिळतेजुळते होते. तसे असते, तर त्याचे परिणाम एका जिल्ह्यापुरते राहिले नसते. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी मृत माकडांची इंद्रिये व रुग्णांचे रक्त यांचे नमुने थंड ठेवून पुण्यास आणले आणि नवजात उंदरांच्या मेंदूत टोचले. काही दिवसांत उंदीर आजारी पडले. त्यांच्या मेंदूतून मिळालेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. प्रतिपिंडांच्या चाचण्यांत त्याचे साम्य आढळले ते रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कशोथाच्या विषाणुगटाशी. तो गट गोचिडींमार्फत पसरणारा असल्यामुळे शोधाची दिशा डासांकडून गोचिडींकडे वळली. रानातील पाचोळ्यावरून पांढरे कापड ओढून त्यास चिकटलेल्या गोचिडी हजारोंनी गोळा करण्यात आल्या, त्यांची जातवार निवड करून त्या वाटण्यात आल्या आणि पुन्हा उंदरांना टोचण्यात आल्या. हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही या रोगाची प्रमुख वाहक जाती ठरली.

येथपर्यंतचे काम प्रामुख्याने प्रयोगशाळेतील होते. पण रोग पसरतो कसा, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणारे नव्हते. सैबीरियातील विषाणूचा भाऊबंद पश्चिम घाटात आला कसा, हा प्रश्न उरला. स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तो आला असावा, असे अनुमान पुढे आले आणि त्याच्या पडताळ्यासाठी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्या अनुमानाला पुष्टी मिळाली नाही. मात्र भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीची बहुमोल माहिती त्यामुळे जमा झाली. सागर येथील क्षेत्रीय केंद्रातून वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीतून जे चित्र उभे राहिले, ते वेगळे होते. विषाणू त्या अरण्यातील लहान सस्तन प्राणी व गोचिडी यांच्यात पूर्वीपासून वावरत असावा; रान तोडून शेती वाढली, गुरे रानात चरू लागली, गुरांच्या रक्तावर प्रौढ गोचिडींची संख्या वाढली आणि सरपण, पाला गोळा करण्यासाठी जाणारी माणसे अर्भकावस्थेतील गोचिडींच्या तावडीत सापडू लागली. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथेच गळून पडतात व ती जागा धोक्याची ठरते. कोरड्या ऋतूत, साधारणतः डिसेंबर ते मे या काळात, रोगाचा जोर असतो. रोग्यांपैकी शेकडा ३ ते ५ दगावतात. निश्चित विषाणुरोधी औषध अद्यापि उपलब्ध नाही.

या अन्वेषणात वैद्य, कीटकवैज्ञानिक, प्राणिवैज्ञानिक, पशुवैद्य, उंदरांची पैदास सांभाळणारे मदतनीस आणि रानवाटा जाणणारे स्थानिक लोक या सर्वांचा वाटा होता. विषाणुवैज्ञानिकाचे चित्र सूक्ष्मदर्शकापुढे एकटा बसलेला संशोधक असे रंगविले जाते; प्रत्यक्षाशी ते फारसे जुळत नाही. केंद्रातील व क्षेत्रावरील अनेक कर्मचाऱ्यांना काम करताना याच विषाणूची बाधा झाली, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. दीर्घकाळ शिमोगा परिसरापुरता मानला गेलेला हा रोग पुढे गोव्यातील सत्तरी तालुक्यात (२०१५) व महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात (२०१६) आढळला. तेथील लोक त्यास ‘माकडताप’ म्हणतात. काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्यांना त्याचा विशेष धोका असतो.

जपून ठेवलेले नमुने : या व्यवसायात कामाचे मोल कामाच्या वेळीच कळेल असे नसते. नागपूर येथे १९६५ मध्ये ज्वराची साथ आली, ती चिकुनगुन्या व डेंग्यू यांची होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासताना पुण्याच्या केंद्रातील प्रवीण भट्ट व एफ्. एम्. रॉड्रिग्स यांना दोन नमुन्यांत निराळाच विषाणू आढळला. शहरातील ज्या भागातून नमुने आले, त्यावरून त्यास चांदीपुरा हे नाव देण्यात आले. पुढे महाराष्ट्रातच वालुमाशीतूनही तो मिळाला. परंतु तो गंभीर रोग निर्माण करतो असा पुरावा नसल्यामुळे विषाणूंच्या सूचीतील एक नाव, एवढेच त्याचे महत्त्व दीर्घकाळ राहिले. जून ते ऑगस्ट २००३ मध्ये आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूच्या विकाराची जबर साथ उद्भवली. सकाळी ताप आलेले मूल चोवीस तासांत बेशुद्ध होऊन मरण पावे. नोंद झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने नमुन्यांतून वाढविलेला विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसला. अलर्क रोगाच्या विषाणूचे कुल या आकारावरून ओळखले जाते. त्या कुलातील ज्ञात विषाणूंविरुद्धचे रक्तरस संस्थेत जपून ठेवलेले होते; त्यांच्याशी ताडून पाहता हा १९६५ चाच चांदीपुरा विषाणू ठरला. हा विकार मस्तिष्कशोथ आहे की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा, याविषयी वैद्यांत मतभेद झाले. तथापि ३८ वर्षांपूर्वीची नोंद आणि शीतपेटीतील कुप्या नसत्या, तर विषाणूची ओळख पटण्यास कितीतरी विलंब लागला असता. याच विषाणूची साथ २०२४ मध्ये गुजरातमध्ये पुन्हा उद्भवली.

दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथ हे याच प्रकारचे आणखी एक उदाहरण. यमुनेचे पात्र बदलल्यामुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. पाणी शुद्ध करणाऱ्यांनी क्लोरिनाचे प्रमाण वाढविल्यामुळे सूक्ष्मजंतुजन्य रोग फारसे पसरले नाहीत, पण विषाणू टिकून राहिला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. ही साथ त्या वेळी यकृतशोथाच्या नेहमीच्या (पुढे ‘अ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या) प्रकाराची समजली गेली. त्या साथीत घेतलेल्या रक्तरसांची तपासणी अमेरिकन शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या संस्थेतील एम्. ए. श्रीनिवासन, खोर्शेद पावरी इत्यादींनी केली आणि हा विषाणू ‘अ’ ही नव्हे व ‘ब’ ही नव्हे, असे १९८० मध्ये जाहीर केले. सोव्हिएट शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून, स्वतःला झालेल्या काविळीच्या काळात आपल्याच विष्ठेत विषाणूचे कण दाखविले (१९८३). आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. या रोगास आता यकृतशोथ-ई म्हणतात. सिलिगुडी येथील २००१ ची घातक साथ निपा विषाणूची होती, हेही जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून २००६ मध्ये उघड झाले.

नमुने जपणे हे वाटते तितके सोपे काम नाही. उणे ७०° से. किंवा त्याहून कमी तापमान अखंड राखावे लागते, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था लागते आणि प्रत्येक कुपीवर रुग्णाचे वय, गाव, आजाराचा दिवस व नमुना घेतल्याची तारीख यांची नोंद असावी लागते. खूणचिठ्ठी गळून पडलेली कुपी निरुपयोगी होय. प्रशिक्षणार्थीला पहिल्या वर्षी हेच काम कंटाळवाणे वाटते.

कोशिकांचे संवर्धनही असेच चिकाटीचे काम आहे. पुण्याच्या केंद्रातील के. आर्. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडीस अल्बोपिक्टस या डासाच्या डिंभांपासून काचपात्रात सतत वाढत राहणाऱ्या कोशिकांचा वंश तयार केला. जपानी शास्त्रज्ञ आकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातून निवडलेली उपशाखा डेंग्यू, चिकुनगुन्या इ. विषाणू वाढविण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. भारतीय विषाणुविज्ञानाची ही देणगी सामान्य वाचकांस जवळजवळ अपरिचित आहे.

धोके व सुरक्षा : विषाणुविज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळेत बाधा होऊन मृत्यू पावलेल्यांची नामावळी मोठी आहे. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे दाखविणाऱ्या वॉल्टर रीड यांच्या पथकातील जेसी लाझीर १९०० मध्ये क्यूबात त्याच रोगाने मरण पावले. जर्मनीतील मारबुर्ग व फ्रँकफुर्ट आणि यूगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे १९६७ मध्ये युगांडाहून आणलेल्या माकडांच्या ऊतकांशी संबंध आलेल्या कर्मचाऱ्यांना व त्यांच्या सान्निध्यातील काहींना अज्ञात रोग झाला. ३१ रुग्णांपैकी ७ दगावले आणि मारबुर्ग विषाणूचा शोध लागला. देवी रोगाचा जगातील शेवटचा बळी साथीतला नव्हता. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९७८ मध्ये देवीच्या विषाणूवर काम चालणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरील एक महिला छायाचित्रकार त्या रोगाने मरण पावली. विषाणुवैज्ञानिकाची निष्काळजी त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले.

आता विषाणूंच्या धोक्यानुसार प्रयोगशाळांचे चार जैवसुरक्षा स्तर मानले जातात. तिसऱ्या स्तरात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखतात, त्यामुळे आतली हवा आपोआप बाहेर पडत नाही. चौथ्या स्तरात कर्मचारी स्वतंत्र हवापुरवठा असलेला, संपूर्ण शरीर झाकणारा पोशाख घालून किंवा हवाबंद कपाटांत काम करतात. बाहेर पडणारी हवा गाळली जाते, सांडपाणी निर्जंतुक केले जाते. पुण्यात पाषाण येथे २०१२ मध्ये या स्तराची प्रयोगशाळा उभी राहिली. अशा पोशाखात सलग काही तासांपलीकडे काम करणे कठीण असते. दोन जाड हातमोज्यांतून बारीक नळी धरणे, सुई न वापरता भागेल तेथे ती टाळणे, सांडलेला थेंब लपवून न ठेवता तत्काळ सांगणे या सवयी पुस्तकातून लागत नाहीत. शेवटची सवय लागण्यासाठी चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा न करणारे वरिष्ठही लागतात.

शिक्षण व प्रवेशमार्ग : या व्यवसायात शिरण्याचा एकच मार्ग नाही. वैद्यकाची पदवी घेऊन सूक्ष्मजीवशास्त्रात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे वैद्य निदान व रुग्णालयीन विषाणुविज्ञानाकडे वळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये टी. जेकब जॉन यांनी घडविलेली परंपरा या प्रकारची होय. विज्ञान शाखेचा विद्यार्थी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिविज्ञान किंवा जैवतंत्रविज्ञान यांपैकी एका विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे संशोधन-अधिछात्रवृत्ती मिळवितो व पीएच्.डी. करतो. विषाणुविज्ञानातच एम्.एस्‌सी. ची सोय तुलनेने थोड्या ठिकाणी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (मूळच्या विषाणू संशोधन केंद्राने हे नाव १९७८ मध्ये धारण केले) पुणे विद्यापीठाच्या सहयोगाने २००५ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. शाळा सोडल्यापासून स्वतंत्रपणे संशोधन करण्याच्या अवस्थेस पोहोचेपर्यंत बारा ते पंधरा वर्षे सहज जातात. आलेल्या प्रबंधावर वर्षानुवर्षे काम करूनही विषाणू कोशिकेत न वाढण्याचा प्रसंग येतो. तो अपवादात्मक नाही.

पशुवैद्यकाचा मार्ग सामान्यतः उपेक्षिला जातो. माणसातील अनेक नव्या विषाणुरोगांचे मूळ प्राण्यांत असल्यामुळे पशुवैद्य विषाणुवैज्ञानिकाचे महत्त्व वाढत आहे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यातच झाली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि आता तिचे मुख्य केंद्र इझतनगर (बरेली) येथे आहे. मुक्तेश्वर येथे एडवर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात बुळकांड्या रोगाचा विषाणू शेळ्यांत वाढवून त्यापासून लस बनविली. हा रोग २०११ मध्ये जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर पूर्णपणे नष्ट करता आलेला हा दुसरा विषाणुरोग होय. वनस्पतींच्या विषाणूंचा अभ्यास कृषी विद्यापीठांतून होतो. भेंडीवरील केवडा, केळीवरील पर्णगुच्छ यांसारख्या रोगांवर रोगग्रस्त झाडावर फवारून तो बरा करणारे औषध नाही. पांढरी माशी, मावा या वाहकांचे नियंत्रण, निरोगी रोपे व रोगप्रतिकारक वाण यांवर भर द्यावा लागतो. येथे जिवाचा धोका नसला, तरी शेतकऱ्याचा हंगाम पणाला लागलेला असतो.

अलीकडे विषाणूच्या न्यूक्लिइक अम्लातील घटकांचा क्रम वाचण्याच्या पद्धती स्वस्त व वेगवान झाल्यामुळे संगणक व संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना या क्षेत्रात मोठी मागणी आहे. क्रमावरून विषाणूची वंशावळ व प्रसाराचा मार्ग यांचे अनुमान करता येते. मात्र तो विषाणू संसर्गक्षम आहे काय आणि उपलब्ध लसीने तो निष्प्रभ होतो काय, हे ठरविण्यास जिवंत विषाणूच लागतो. क्रम वाचणाऱ्या नवशिक्यांत विषाणू वाढविण्याचे कौशल्य मागे पडत चालल्याची तक्रार जुने जाणते करतात, ती सर्वस्वी निराधार नाही.

व्यवसायाची स्थिती : विषाणुवैज्ञानिकांना शासकीय संशोधन संस्था, वैद्यकीय व पशुवैद्यकीय महाविद्यालये, कृषी विद्यापीठे, सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि लस-उत्पादक उद्योग येथे काम मिळते. मुंबईची हाफकिन संस्था, पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट व राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था यांमुळे महाराष्ट्रात या व्यवसायास अनुकूल परिस्थिती आहे. लस-उद्योगातील कामाचे स्वरूप संशोधन संस्थेतील कामाहून वेगळे असते. तेथे नवा शोध लावण्यापेक्षा प्रत्येक खेपेचा माल हुबेहूब मागच्या खेपेसारखा निघणे अधिक महत्त्वाचे मानले जाते. रोटाव्हायरस अतिसारावरील भारतीय लसीचे मूळ दिल्लीतील एका रुग्णालयात नवजात बालकांकडून मिळविलेल्या सौम्य विषाणूत होते. तो मिळाल्यापासून लसीला परवाना मिळेपर्यंत (२०१४) जवळजवळ तीन दशके लोटली. एम्. के. भान, गगनदीप कांग आदींचे या कामातील योगदान सर्वज्ञात आहे.

अनेक पदे प्रकल्पापुरती असतात. साथ आली की निधी येतो, साथ ओसरली की प्रकल्पाची मुदत संपते व प्रशिक्षित माणूस दुसरीकडे जातो. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिल्या कोविड-१९ रुग्णाचे निदान पुण्याच्या संस्थेत झाले. त्या वेळी ही चाचणी करणारी देशातील तीच प्रमुख प्रयोगशाळा होती. जून २०२० अखेर अशा प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. पुण्यात वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने बनविलेल्या निष्क्रिय लसीला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापरासाठी मर्यादित परवानगी मिळाली. हजार प्रयोगशाळा इतक्या झपाट्याने उभ्या राहू शकल्या, याचे कारण ठरावीक चाचणी करणारा तंत्रज्ञ काही आठवड्यांत तयार करता येतो. अनोळखी ज्वराच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करून त्याची ओळख पटविणारे हात त्यांतील थोड्याच ठिकाणी होते. संशयित निपा किंवा माकडतापाच्या विषाणूचे संवर्धन करावयाचे झाल्यास नमुना उच्च सुरक्षेच्या मोजक्या प्रयोगशाळांकडे, मुख्यत्वे पुण्यास, पाठवावा लागतो.